वैजूचा सत्कार

लातूर, ३ फेब्रुवारी २०२५

दादा,

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलेलं नाही.

फोन का घेत नाहीस म्हणून तू सारखे मेसेज करतोस. तुझा फोन घेतला की तू तो स्पीकरवर टाकतोस. तुझ्या बाजूला माणसं बसलेली असतात आणि त्यातलं कोणीतरी मध्येच "ताई, झालं गेलं सोडा आता" म्हणतं. त्या माणसाचं नावही मला माहीत नसतं. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही. चार लोकांत ऐकवायचं असलं तर ते तुला तुझ्या तोंडानं वाचावं लागेल.

तू मला दोन कामं सांगितली आहेत. वैजूच्या मृत्यूबद्दल जमादार माझा जबाब घेतील, तेव्हा मी तुझ्यासारखंच सांगावं. आणि गावाच्या वेशीत वैजूच्या नावाची कमान उभी राहणार आहे, तिच्या भूमिपूजनाला आईला इथून आणून स्टेजवर बसवावं.

तुझ्यासारखं म्हणजे काय, ते मला जमादारांनी फोनवर वाचून दाखवलं. "लहान भाऊ वैजनाथ हा पहिल्यापासून डोक्याने अधू होता. मिरवणूक चालू असताना तो कोणास न सांगता निघून गेला व शेततळ्यात उडी घेतली. त्यास जाताना कोणी पाहिले नाही." कमानीच्या बॅनरचा फोटो तूच पाठवलास. त्यावर "वीर जवान वैजनाथ ग्यानोबा अमर रहे" असं आहे. त्याच्या फोटोपेक्षा तुझा हात जोडलेला फोटो मोठा आहे, आणि तुझ्या नावाखाली भावी जिल्हा परिषद सदस्य. पोलिसांत तो वेडा आणि वेशीत वीर. सांगणारा एकच.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. फौजेचं ट्रेनिंग संपवून वैजू रेल्वेनं लातूरला उतरला आणि एक दिवस माझ्याकडे राहिला. गावी निघायच्या आधी त्यानं मला तुला फोन लावायला सांगितला. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं तुझ्या कानावर घातलं. तो बसनं फाट्यावर उतरेल, बांधानं चालत घरी येईल, आईच्या हातची भाकरी खाईल आणि झोपेल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः घरोघरी जाऊन सगळ्यांच्या पाया पडेल. वाजवायचं नाही, उडवायचं नाही, अंगावर काही टाकायचं नाही. तू हसलास आणि म्हणालास, "बरं बाई. तुझ्या लाटसाहेबाला सांग, कुत्रं बी भुंकणार न्हाई."

मी त्याच्याबरोबर निघाले. बसनं उदगीर सोडल्यावर तो मला फाट्यापासून घरापर्यंतची वाट सांगत होता. पहिला बांध, मग बाभळ, मग ओढ्याचा उतार, मग आपल्या रानातून सरळ मागच्या दारात. "डोळे मिटून जाता येतं," म्हणाला. गेल्या दिवाळीआधी त्याच वाटेवर तू शेततळं खणलंस हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला तळं झालंय एवढंच माहीत होतं, कुठे ते माहीत नव्हतं.

फाटा यायच्या आधीच बसच्या पत्र्यात डीजेचा दणका जाणवायला लागला. वैजूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दुसऱ्या कोणाचं असेल." मग खिडकीतून त्याला बॅनरवर स्वतःचा फोटो दिसला. तू बसमध्ये चढलास, गडबडीत पहिला हार कंडक्टरच्या गळ्यात घातलास, आणि मागून आलेल्या पोरांनी वैजूला उचललं. त्याला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपल्या घरात तो रांगत होता तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी त्याला जीपवर उभं केलं आणि जेसीबीनं त्याच्या डोक्यावर अख्खी बकेट गुलाल ओतला. त्याचं तोंड उघडं होतं. मी तेवढंच पाहिलं. मला बायकांनी ओवाळणीच्या ताटाकडे ओढलं.

लोक त्याला शोधायला निघाले तेव्हाही डीजे चालूच होता, कारण तुझे पाहुणे अजून यायचे होते.

तळ्यातून काढल्यावर त्याच्या नाकातून आणि कानातून गुलाल निघत होता. मी पुसत होते आणि निघतच होता. मी लॅबमध्ये रोज लोकांची थुंकी आणि लघवी हाताळते, मला कशाची किळस येत नाही. गुलालाची येते.

आई बरी आहे. जेवते.

उज्वला

लातूर, ९ फेब्रुवारी

दादा,

पत्राला उत्तर म्हणून तू आवाजाचा मेसेज पाठवलास. "तूच त्याला लातूरला डॉक्टरीणबाईकडं नेलतंस. तूच म्हणलीस, त्यो स्वमग्न का काय हाय म्हणून. मग म्या काय खोटं सांगितलं?" मागे कोणीतरी "बरोबर हाय भाऊ" म्हणालेलं ऐकू आलं.

तो शब्द मी सांगितला होता, हे खरं आहे. त्याचा अर्थ तेव्हाही सांगितला होता, तो तू ऐकला नाहीस. आता लिहून देते. वैजूला आवाज आपल्यापेक्षा मोठा ऐकू यायचा. अंगाला अचानक हात लागला की त्याला चटका बसल्यासारखं व्हायचं. बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते त्याला आपोआप समजायचं नाही, सांगावं लागायचं. सांगितलं की पुरेपूर समजायचं. डोकं अधू असणं यात येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी येडा नाही?" मी नाही म्हणाले. "मग बजरंगदादाला सांग," म्हणाला. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "बरं बरं. पण गावात बोलू नको, घराण्याला बट्टा लागंल."

आता बट्टा लागत नाही का?

फौजेत जायचं त्याचं त्यानं ठरवलं होतं. तू भाषणात "मी त्याला घडवला" म्हणालास म्हणून हे लिहिते. माझ्याकडे राहून तो भरतीच्या अकॅडमीत जायचा. पहिल्या आठवड्यातच मला म्हणाला, "इथं सगळं सांगतात. कधी उठायचं, बूट कुठं ठेवायचे, कोणापुढं उभं राहायचं. घरी कोणी सांगत नाही आणि मग चिडतात." बाकीची पोरं मास्तरच्या ओरडण्याला कंटाळायची. वैजू म्हणायचा, तो रोज एकाच वेळी आणि एकच ओरडतो, त्याचा काय त्रास.

डॉक्टरांना त्यानं स्वतः विचारलं, हे असताना घेतील का. त्या म्हणाल्या, कळलं तर घेणार नाहीत. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "विचारलं तर सांगीन." मेडिकलला त्याचे दात, कान, गुडघे, तळपाय सगळं बघितलं. फिट येते का, रात्री दिसतं का, सगळं विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं. घरात कोणाला वेड आहे का असं विचारलं तेव्हा म्हणाला, "हो सर, मोठ्या भावाला. राजकारणाचं. आई म्हणते." डॉक्टर हसले आणि पुढच्याला बोलावलं. त्याला ते का हसले कळलं नाही. घरी येऊन मला विचारलं. आई इथेच होती. ती पदरात तोंड घालून हसली आणि मग तिनं त्याला सांगून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तर तू आता पोलिसांत लिहून दिलंस की तो पहिल्यापासून अधू होता. तो कागद त्याच्या युनिटला जाईल. तिथे ते म्हणतील, पोरानं आजार लपवून नोकरी धरली आणि शेवटी जीव दिला. ज्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, त्याला तू मेल्यावर खोटारडा करतोस. आणि ते कशासाठी, तर जेसीबीवाला, डीजेवाला आणि तू, असे तिघे सुटावेत म्हणून.

तुझ्या मेसेजच्या शेवटी "आईला हरभरा पाठवलाय, नवा आहे" असं आहे. पोतं मिळालं.

उज्वला

लातूर, १६ फेब्रुवारी

दादा,

काल वैजूच्या युनिटमधून नाईक हुद्द्याचे एक जवान आले होते. मलप्पा नाव त्यांचं, बिदरकडचे. वैजूनं कागदांवर आईचं नाव आणि माझा पत्ता दिला होता, म्हणून ते गावाला न जाता इकडे आले. त्याची ट्रंक घेऊन आले. बूट बाहेर काढले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि आईला अव्वा म्हणाले. मराठी, हिंदी आणि मधूनच कानडी, असं बोलत होते.

मी चहा टाकला. मग आईनंच विचारलं, "माझं लेकरू तिकडं नीट राहत हुतं का?"

"अव्वा, पोरगं लई सरळ. इतकं सरळ का पहिले पहिले आमास राग यायचा. एकदा ट्रेनिंगचे उस्ताद गरम झाले. तोंडापुढं तोंड आणून वरडले, 'क्या देख रहा है?' समद्यांनी माना खाली घातल्या. ह्यो म्हणला, 'सर, आपकी टोपी का बटन टूटा है.' आता बोला!"

"मग?"

"मग काय, कोलांट्या. ग्राउंडभर. ह्याला काय वाईट वाटलं न्हाई. कशाची शिक्षा ते म्हाईत हाय म्हणला. दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या टोपीला नवं बटन."

आई हसली नाही, पण ऐकत राहिली. मलप्पांनी मग सांगितलं की पहिल्या महिन्यात कोणीतरी मागून खांद्यावर हात टाकला आणि वैजूनं झटक्यात त्याला खाली पाडलं. चौकशी झाली. वैजूनं उभं राहून सांगितलं, न सांगता हात लावला की मला कळत नाही कोण आहे, सांगून लावा. पोरांनी चेष्टा सुरू केली. जाता येता म्हणायची, 'वैजनाथ, कंधे पे हात रखता हूँ.' वैजू म्हणायचा, 'रखो.' चेष्टेची हळूहळू सवय झाली. "अक्का, आता तर समदी बॅरक एकमेकास तसंच म्हणतेय. तो न्हाई, तरी."

मी गोळीबाराचं विचारलं, कारण मला त्याचीच भीती होती. मलप्पा म्हणाले, "त्याला त्याचं काहीच न्हाई. कानात बोळे, आणि 'फायर' म्हणल्याव आवाज येतोय. त्याला पटलं. पर एकदा मेसमधी कुणी फुगा फोडला तर टेबलाखाली गेला." त्यांनी तुझ्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाहिला होता. सगळ्यांनी पाहिला आहे. कोणीतरी त्याला रडकं गाणं लावून फिरवला आहे, आणि गुलाल पडतानाचं वैजूचं तोंड थांबवून त्यावर तिरंगा टाकला आहे. खाली हजारो लोकांनी हात जोडले आहेत. त्यातल्या एकालाही तो काय ओरडतोय ते ऐकू येत नाही, कारण वरून गाणं आहे.

मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अक्का, साहेबांनी एक गोष्ट विचारून ये म्हणून सांगितलंय. गावाकडनं जे आलंय, त्यात वैजनाथनं आपणहून उडी घेतली असं हाय. आमास कुणालाच पटंना. खरं काय झालं?"

मी आईला हे सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "उडी? कोण म्हणलं?"

"तुमच्या थोरल्या लेकानं लिहून दिलंय, अव्वा."

आई उठली, आत गेली आणि ओट्याखाली भिंतीला टेकून बसली. मी मलप्पांना सांगितलं की माझा जबाब अजून व्हायचा आहे. ते म्हणाले, त्याशिवाय तिकडे काही पक्कं होणार नाही, साहेब थांबतील. निघताना बूट घालता घालता म्हणाले, "फौजेनं त्याला सांभाळून घेतलं असं समजू नका. त्यानं त्याचं काम केलं. आमी फक्त सांगून हात लावला."

पहिल्या पत्रात आई जेवते असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. ती चहा घेते आणि मी रागावले तर अर्धी भाकरी. काल रात्री तेही नाही. तुझा हरभरा मी भिजत घातला होता, तो तिनं बघितला. "त्या तळ्याचं पाणी हाय त्याला," म्हणाली आणि सगळा गटारात ओतला. उरलेलं पोतं उदगीरच्या बसमध्ये टाकलं आहे. गीतांजलीवहिनीला उतरवून घ्यायला सांग. मुलांना खाऊ घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

उज्वला

लातूर, २१ फेब्रुवारी

दादा,

परवा तळ्यावर आपलं बोलणं झालं. तू नंतर सगळ्यांना सांगत फिरतोस की बहीण शिव्या देऊन गेली. मी एकही शिवी दिली नाही. काय बोलणं झालं ते लिहून ठेवते, म्हणजे तुला आणि मला दोघांनाही ते बदलता येणार नाही.

आईनं मला तिकडे घेऊन चल म्हटलं, म्हणून आम्ही आलो. घरी न येता फाट्यावरून सरळ बांधानं गेलो. बाभळ आणि ओढा मागे पडल्यावर एकदम तारेचं कुंपण समोर आलं. नवं कोरं, खांबांचं सिमेंट ओलं. त्या दिवशी तिथे काहीही नव्हतं. काळं प्लास्टिक आणि पाणी, एवढंच. गुलाल डोळ्यात गेलेला माणूस सरळ पळत आला की सरळ आत.

तू मोटारसायकलवरून आलास. पाठोपाठ वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सांगायचं तरी येतोय म्हणून," तू म्हणालास. "गाडी पाठवली असती."

मी कुंपणाचं विचारलं.

"कुंपण पहिल्यापासून हाय. फोटो हायेत माझ्याकडं."

"फोटोत आहे. मलाही पाठवला होतास दिवाळीला. त्या दिवशी नव्हतं."

तू इकडेतिकडे बघितलंस. "अगं, अनुदानाच्या तपासणीचा फोटो झाला की काढून महादेवप्पाच्या तळ्याला दिलं. त्याचं पास झालं की पुढच्याच्या. समदेच तसं करून राहिले. एका कुंपणावर अख्ख्या शिवारातली तळी पास झाली. म्या एकट्यानंच केलं का?"

हे तू लाजून बोलला नाहीस. हिशोबी माणसासारखा बोललास.

मी आतल्या उताराकडे बघत होते. त्या दिवशी त्या काळ्या प्लास्टिकवर पाण्यापासून वरपर्यंत गुलालाचे ओले पट्टे होते, बोटांचे. एका जागी नाही, चारी बाजूंनी. तो चढत होता आणि घसरत होता. मरायला उडी घेतलेला माणूस असं करत नाही. आता प्लास्टिक धुऊन चकचकीत केलं आहे. मी तुला विचारलं, कोणी धुतलं. तू म्हणालास, "पाहुणे येतेत बघायला. बरं दिसतं का तसं?"

तेव्हा मी तोंडावर पदर धरला. मला तुझ्या अंगाचा वास सहन होईना. अत्तर लावून आला होतास.

मग तू रडलास. ते खोटं नव्हतं, हेही लिहिते. "म्या त्याला मारायला केलं का, उजू? ऊर भरून आलता माझा. आपल्या घरात पहिला जवान. बापाला चप्पल नव्हती आणि पोरगं फौजेत. गावाला दाखवायचं नव्हतं का मी?"

"त्याला विचारायचं होतं."

"सत्काराला कोण विचारतं का?"

दादा, तू हे खरोखर न समजून विचारलंस. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते कळलं. सत्कार म्हणजे ज्याचा आहे त्याला त्यात काही बोलायचं नसतं. तो फक्त उचलायला लागतो.

डोळे पुसून झाल्यावर तू पुन्हा मूळ पदावर आलास. "तू एक वाकडं बोललीस तर जेसीबीवाला आत, डीजेवाला आत, मी आत. मग आईला कोण बघंल? तू? तुझ्या भाड्याच्या खोलीत?" आणि आईकडे वळलास. "आई, तूच सांग हिला. गेलेला काय परत येतोय का?"

आई कुंपणाला धरून उभी होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. ती आलो त्या बांधाकडे बघत होती. म्हणाली, "चल उजू. बस जाईल."

वहिनीनं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. ते तांब्यातलं पाणी विहिरीचं होतं, तरीही. वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं. तिचा यात दोष नाही. तिला तसं सांग.

उज्वला

लातूर, २५ फेब्रुवारी

दादा,

माझा जबाब आज झाला. तुला संध्याकाळपर्यंत कोणीतरी सांगेलच, तुझी माणसं ठाण्याबाहेर उभी होती. तरी मी स्वतः कळवते.

मी सगळं सांगितलं. वैजूनं निघायच्या आधी काय कळवलं होतं, तू काय कबूल केलं होतंस, जेसीबी, गुलाल, नसलेलं कुंपण, प्लास्टिकवरचे पट्टे. डॉक्टरांचा शब्दही सांगितला आणि त्याचा अर्थही. डॉक्टर स्वतः येऊन सांगायला तयार आहेत. जमादार सरळ माणूस वाटला. शेवटी म्हणाले, "ताई, एक अडचण आहे. त्याला जाताना कोणी बघितलं नाही, असं सगळेच सांगतात. तुम्हीही बघितलं नाही. मग तो कसा गेला, का गेला, हे नक्की कोण सांगणार?"

मी म्हणाले, मला ते सांगता येणार नाही. जे पाहिलं नाही ते मी पाहिलं म्हणणार नाही. मला वाटलं, इथेच संपलं. उडीचं तसंच राहणार.

आई माझ्यामागे बाकावर बसली होती. सकाळी निघताना मी तिला घरीच थांब म्हटलं होतं. ती चप्पल घालून दारात उभी राहिली होती. जमादार तिला म्हणाले, "मावशी, झालंय आता, चला." आई उठून टेबलापाशी आली.

"माझं बी लिहा," म्हणाली.

दादा, पुढचं मला माहीत नव्हतं. इतके दिवस ती माझ्याजवळ एका खोलीत झोपते, आणि मला माहीत नव्हतं. ती जे बोलली ते लिहिते. तुला त्यातलं सगळं माहीत आहे.

"मी वढ्याच्या अंगाला हुते. पोरीला बायकांनी वढलं, मी मागं राहिले. लेकराच्या अंगावर त्यो गुलाल पडला, तसं ते जीपीवरनं खाली आलं. पडलं, उठलं, डोळं चोळत रानाकडं पळालं. मी बघितलं. मी गर्दीत घुसले, थोरल्याचा सदरा धरला. म्हणलं, बजरंगा, वैजू तळ्याच्या अंगाला पळाला, त्याला तळं म्हाईत न्हाई, जाय. त्यो म्हणला, 'लाजलंय ते, येईल. पाहुणे येऊन राहिले.' मी अजून एकदा म्हणलं. त्यानं माझा हात सोडवला आणि फोटूला हुबारला. मग मीच गेले. मला पळता येत न्हाई, साहेब. मी पोचले तवा पाणी हलत नव्हतं. टोपी तेवढी दिसली."

जमादारांनी पेन थांबवलं. "मावशी, हे आधी का नाही सांगितलं?"

"एक गेला. म्हणलं दुसरा तरी राहू दे. म्हणून गप बसले. मी मरंपर्यंत गप बसले असते. पर त्यानं लिहून दिलं, लेकरानं जीव दिला म्हणून. ते न्हाई चालायचं. त्यानं जीव न्हाई दिला. त्यो घरी येऊन राहिला हुता."

जमादारांनी ते सगळं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "टोपी" नंतर तिनं मान हलवली, बरोबर आहे म्हणून. अंगठा घ्यायच्या आधी ते खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, विचार करा. ह्यानं थोरला अडचणीत येईल. कुंपणाचं निघेल, खोट्या जबाबाचं निघेल. तुमचाच आहे ना तो?"

आई म्हणाली, "हाव. दोनी माझेच हायेत." आणि अंगठा पुढे केला.

बाहेर आल्यावर तुझ्या माणसांपैकी एकानं "काकू, काय सांगितलं?" म्हणून विचारलं. ती त्याच्या अंगावरून निघून आली. बसमध्ये तिनं भाकरी मागितली. माझ्याकडे सकाळची होती, ती पूर्ण खाल्ली.

कमानीच्या कार्यक्रमाला ती येणार नाही. बॅनरवर तिचा फोटो टाकला असशील तर काढ. मलप्पांना मी फोन करून जबाबाचं सांगितलं आहे.

आणखी एक. तिचा जबाब मी शेवटी पुन्हा वाचला. जमादारांनी सगळं लिहिलं आहे, पण ते शेवटचं वाक्य, "दोनी माझेच हायेत," हे लिहिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, जबाबात तेवढं बसत नाही. ते तुला दुसरीकडून कळणार नाही, म्हणून हे पत्र.

उज्वला